भिंतीवरचे पाय

आमच्या घरात एकही चित्र नाही. कॅलेंडरसुद्धा नुसतं आकड्यांचं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देवांची टोपली नदीत सोडली. तेव्हापासून भिंतीवर कुणाचाही चेहरा लावायचा नाही, येशूचाही नाही, हा आधी आजोबांचा, आता पप्पांचा कायदा. आणि अशा घरात मी चित्रकलेची शिक्षिका निपजले. देवाला थट्टा आवडते, दुसरं काय!

म्हणून पाळकसाहेबांनी चिंचवडच्या आमच्या चर्चच्या भिंतीवर चित्र काढायला सांगितलं, तेव्हा मी हो म्हटलं ते घाबरतच. चित्र राहणार की त्यावर चुना फिरणार, हे पंचमंडळी बघून सांगणार होती. पंचांमध्ये सगळ्यात जुने पप्पा. त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

प्रभू शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग मी घेतला. दुःखसप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, गुरुवारी आमचे पाळकही लोकांचे पाय धुतात. पप्पा मात्र दरवर्षी मोजे घालून मागच्या बाकावर बसून राहतात.

निगडीची शाळा सुटली की मी थेट भिंतीपाशी. प्रभूचा चेहरा मी खाली वाकवून केसांआड ठेवला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? सगळा जीव ओतला तो पुढच्या शिष्याच्या पायांत. मला एकाच माणसाचे पाय पाठ होते. पप्पा लोखंड ओतायच्या फाउंड्रीत होते. एकदा लोखंडाचा तापलेला रस त्यांच्या बुटात शिरला. मी लहान होते. रोज समोर बसून त्या पायाला मलम लावायचे, आणि ते दात आवळून छताकडे बघत राहायचे. तो भाजल्याचा डागही मी शिष्याच्या पायावर उतरवला.

शनिवारी पाळकसाहेबांबरोबर पंच आले. एक तर चाकणहून, पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या कपड्यांतच. तेच आधी बोलले, "चित्र चांगलंय, ताई. पण उद्या कुणी हार घातला तर?"

दुसरे म्हणाले, "आणि पाय किती खडबडीत! शिष्यांचे जरा स्वच्छ नकोत?"

"अजून धुवायचेत ना ते!" मी फणकारले. बोलून गेले आणि जीभ चावली.

सगळे पप्पांकडे बघू लागले. त्यांनी चष्मा लावला, भिंतीजवळ गेले, वाकले. बराच वेळ उठेनात. मी रंगाचं फडकं उगीच पिळत उभी होते.

"कुणाचे पाय हे?" किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

"तुमचे."

ते बाकावर बसले. आता चुना म्हणणार, हे मी धरूनच चालले. त्यांनी खाली वाकून उजव्या पायातला मोजा ओढून काढला. घोट्यापासून बोटांपर्यंत उतरलेला तो चकचकीत डाग सगळ्यांसमोर उघडा पडला.

"डावा न्हाई, उजवा हाय," पप्पा म्हणाले. "समोर बसायचीस, म्हणून उलटं ध्यानात राह्यलं तुझ्या. नीट कर."

पाळकसाहेबांनी चाचरत विचारलं, "म्हणजे… ठेवायचं?"

"गुरुवारच्या आत कर," पप्पा मलाच म्हणाले.

मला रडू फुटलं. रडतच मी डाव्या पायावरचा डाग पुसायला घेतला.

गुरुवारी पप्पा उपासनेला निघाले तेव्हा त्यांच्या पायात मोजे नव्हते.