घर बघायला आले, ते चाकांवर होतं

लग्न ठरायच्या आधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येतात. भिंतीवर थाप मारतात, विहिरीत डोकावतात, गोठ्यात चक्कर टाकतात. आमच्या भिंती पत्र्याच्या होत्या, विहीर म्हणजे छपरावरचं पिंप, आणि गोठ्यात एकच जनावर होतं. ते रॉकेल प्यायचं आणि भडभडून ओरडायचं.

आमचं घर म्हणजे एक जुनी बस. वडिलांचा लाऊडस्पीकर आणि लायटिंग भाड्यानं द्यायचा धंदा होता. तेव्हा मावळातल्या पुष्कळ गावांत वीज नव्हती, त्यामुळे जत्रा असो की लग्न, आम्ही घरासकट हजर. वडिलांनी बसच्या मागच्या बाजूला जनरेटर बसवला होता, बाकाखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या. मध्ये आईचं स्वयंपाकघर, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे माझी झोपायची फळी.

टाकवे बुद्रुकला एका लग्नात मी माईकपुढे ‘हॅलो, हॅलो’ करत असताना एक मुलगी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. म्हणाली, “त्या भोंग्याचं तोंड तिकडं फिरवा की! आमच्या आत्याचं डोकं उठलंय.” मी भोंगा फिरवला. माझं डोकं काही त्या दिवसापासून जागेवर आलं नाही.

मुलगी तिकोणा पेठेची. तिला आई नव्हती. वडील अबोल, आणि सगळा कारभार त्या डोकं उठलेल्या आत्याच्या हातात. मागणी घालायला आम्ही धाडलेल्या मध्यस्थाला तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “पोरगी बशीत नांदवायची व्हय?”

आईनं उलट निरोप धाडला, “आमच्याकडे लाईट आहे, पंखा आहे, रेडिओ आहे. चहासुद्धा विजेच्या शेगडीवर होतो.”

आत्याचं उत्तर आलं, “बघायला येतो. दसऱ्याला.”

दसऱ्याला आमचा मुक्काम कुरवंड्याच्या अलीकडे एका माळावर होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी अवजारं पुजायची आणि त्यांना हात लावायचा नाही, हा वडिलांचा कडक नियम. आईनं जनरेटरला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि देवीची पूजा बांधावी तशी जिथे भोक दिसलं तिथे झेंडू खोवला. मशीन दिवसभर विश्रांतीला. गावच्या आरतीला मात्र लाऊडस्पीकर हवाच होता. तो बॅटऱ्यांवर वाजला, दिवेही त्यांच्यावरच जळले. दसऱ्याच्या सकाळी आमचा बल्ब काजव्याएवढाच काय तो पेटत होता.

“घाबरू नकोस,” वडील म्हणाले. “पाहुणे दुपारी येणार. तोवर चार्जिंग होतंय.”

त्यांनी हार काढला, फुलं वेचली, दोरी ओढली. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. आवाज कसा, तालीम केलेल्या पखवाजासारखा. वडिलांनी चार्जरचं बटण दाबलं आणि त्या आवाजाला एकदम कापरं भरलं. काळा धूर आला. दोन उचक्या, आणि मशीन गप्प.

“रिकाम्या बॅटऱ्या हावरटासारख्या ओढतात,” वडील म्हणाले. “लोड जास्त होतोय.” त्यांनी एक बॅटरी सोडवली, दुसरी एकटीच लावली. पुन्हा धूर, पुन्हा उचक्या. तेल बदललं, प्लग पुसला, वायरी ओढून बघितल्या. मी इस्त्रीचा टेरिलिनचा शर्ट घालून मागेपुढे येरझारा घालत होतो. घामानं तो पाठीला असा चिकटला की इस्त्री कशासाठी केली तेच कळेना. डोळ्यांपुढे एकच चित्र: आत्या चहाचा कप मागते आहे, आणि मी तिला अंधारात कोमट पाणी देतो आहे.

शेवटी लोणावळ्याच्या बाजूनं टांगा चढताना दिसला.

आत्या उतरली. काठापदराचं लुगडं, हातात आपट्याची पानं. मागून मुलीचे वडील. आम्हाला सोनं देऊन आत्यानं बसच्या टायरवर टाच मारली. “भिंत पक्की हाय,” ती म्हणाली.



आत येऊन ती बाकावर बसली, नेमकी बॅटऱ्यांच्या वर, आणि माझ्या वडिलांना म्हणाली, “आबा, तो पंखा लावा की. टांग्यात लय उकडलं.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आईनं छताकडे. चार्जर बंद ठेवून वडिलांनी मशीन सुरू केलं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत पंखा लावला. पाती सावकाश फिरली, एकदा, दोनदा, आत्याच्या कपाळावरची एक बट हलली, आणि मागून खोकल्यासारखा आवाज येऊन सगळं थांबलं.

“झालं व्हय?” आत्यानं विचारलं.

वडील खाली उतरले, मी त्यांच्या मागे. ते स्वतःशीच पुटपुटत होते, “चार्जर नाही, रेडिओ नाही, शेगडी नाही. एका पंख्यानं मरतंय म्हणजे लोडचा दोष नाही. याचा स्वतःचाच दम कोंडतोय. काळा धूर… तेल पोचतंय, हवा पोचत नाही…”

तेवढ्यात आई खाली आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत अगदी हळू म्हणाली, “अहो, त्याच्या नाकात एक मोठा झेंडू खोवला होता. मागच्या बाजूनं, आत. तो काढलात ना?”

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. लाऊडस्पीकरच्या धंद्यात असूनही त्यांना स्वतःला लाऊडस्पीकरची गरज नव्हती. ते रागावले की भोंगा बंद करावा लागे. मी डोळे मिटून घेतले. पंखा गेला, चहा गेला, आता हा आवाज बसच्या पत्र्यातून आत्याच्या कानात शिरणार आणि मुलगी जाणार.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर वडिलांनी हवेच्या वाटेवरचा एअर क्लीनर खोललेला, आणि त्यांच्या बोटांत चुरगळलेला, तेलकट, काळा पडलेला झेंडू. मान टोमॅटोसारखी लाल. गळ्याची शीर अशी टरारली होती की तिच्यावर बल्ब पेटला असता. आणि वर दारात आत्या उभी. कधीपासून, कोण जाणे.

वडिलांनी एक लांब श्वास घेतला. “मशीनला सर्दी झाली होती,” ते आईला म्हणाले, आणि झेंडू तिच्या ओंजळीत ठेवला. “तुम्ही आत जा, चहाचं बघा.”

तुम्ही! माझ्या जन्मात त्यांनी आईला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

मग पंखा फिरला. पंखा बंद करून शेगडी लावली, चहा झाला. शेगडी बंद करून रेडिओ लावला. चार्जर लावला तेव्हाही मशीन हूं की चूं न करता चालत राहिलं, बॅटऱ्या घटाघटा पीत राहिल्या. पण आत्याचं पंख्याकडे लक्षच नव्हतं. ती बशीत चहा ओतून एकदा वडिलांकडे बघायची, एकदा आईकडे. मला वाटलं, झालं, हिला सगळं कळलं.

जाताना ती माझ्यासमोर थांबली. “तूच न्हवं त्यो भोंगा फिरवणारा?”

“हो.”

“बरं केलंस.” एवढंच. ना होकार, ना नकार. दोघं टांग्यात बसली, टांगा उताराला लागला. वडील हात जोडून उभे, चेहरा जांभळा, ओठ घट्ट मिटलेले. आई एक एक पाऊल मागे सरकत होती.

टांगा वळणावर पोचला, आणि आत्यानं बाहेर डोकं काढलं. तिचा आवाज आमच्या कुठल्याही भोंग्याला भारी होता.

“आबा! पोरगी दिली! आता ओरडा! लय येळ दाबून धरलंया!”

वडिलांनी तोंड उघडलं. आईनं कानांवर हात ठेवले. पण त्या तोंडातून बाहेर पडलं ते हसू. ते हसत हसत बसच्या पायरीवर बसले, डोळे पुसले, आणि आईला म्हणाले, “अगं, पण नाकात?”