मागच्या सीटवरचा घाट

गेबहार्ड थोनीला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो लाकूड कापायच्या गिरणीत होता. जीव वाचला, वाचाही हळूहळू परत आली, पण डावा हात मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून राहिला. प्रादसारख्या गावात ही बातमी लगेच पसरली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आता गेबहार्डची मोटारसायकल संपली."

प्राद गाव स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, स्टेल्व्हिओ घाटाच्या पायथ्याशी आहे. उन्हाळाभर तिथून मोटारसायकली वर चढत असतात. त्या गर्दीत गेबहार्डचं इंजिन गावकरी नुसत्या आवाजावरून ओळखत. त्याच्या मागं नेहमी त्याची बायको वाल्बुर्गा बसलेली असायची.

तो वर्षभर खिडकीत बसून राहिला. गाडी गेली की तोंड फिरवायचा. वाल्बुर्गा सफरचंदाच्या गोदामात फळं निवडायचं काम करी. एका संध्याकाळी कामावरून परत आल्यावर तिनं जॅकेट न काढताच सांगितलं, "मी लायसन काढलंय."

"कसलं?"

"मोटारसायकलचं. हिवाळ्यापासून शिकतेय. गोदामात जादा काम आहे असं सांगून जायची ना, ते खोटं होतं."

"या वयात पडशील आणि मलाही पाडशील," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं हेल्मेट पुसायला घेतलं होतं.

आता प्रश्न होता रस्त्याचा. वाल्बुर्गा आधी कितीतरी रविवार एकटीच जाऊन वेगवेगळे रस्ते बघून आली. गेबहार्डला एकाच हातानं धरता येणार होतं, म्हणून तिनं स्वतःच्या कमरेला मुठी असलेला पट्टा बांधायचं ठरवलं. उजवीकडच्या वळणावर त्याचं अंग डावीकडे ओघळणार. तीव्र उतारावर ब्रेक लावला की त्याचा सगळा भार तिच्या पाठीवर येणार. थंडीनं हात आणखी आखडतो, म्हणून फार उंचावर जाणं नको. शेवटी तिनं रेशन खिंडीतून वर जायचं, पलीकडे स्वित्झर्लंडच्या दरीत उतरायचं आणि ओफन घाटानं सांता मारिया गावावरून घरी यायचं असं ठरवलं. ओफनचा रस्ता रुंद, वळणं लांब, दोन्ही बाजूंना पाइनचं रान.

"ओफन?" गेबहार्ड म्हणाला. "तिथं तर पाद्री सायकलवरून जातो."

"मग आपणही जाऊ."

दिवस चांगला गेला. ती सावकाश चालवत होती, ठरल्या ठिकाणी थांबत होती, त्याचा हात चोळून गरम करत होती. तो मात्र दर थांब्याला त्यांना मागं टाकणाऱ्या गाड्या मोजत होता. सांता मारियात उंब्राइलचा फाटा आला. ती वाट वर चढत थेट स्टेल्व्हिओच्या माथ्याजवळ निघते. गेबहार्डनं हेल्मेटसकट डोकं तिच्या खांद्यावर आपटलं. "वळ इकडे!"

"नाही."

"बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखी चालवतेस! मी तुला असल्या रस्त्यांवरून कधी नेलं होतं का?"

तिनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही नेलंस," ती म्हणाली. "तू मला स्टेल्व्हिओवरून नेलंस. दर उन्हाळ्यात. आणि मी तो घाट अजून पाहिलेला नाही, गेबहार्ड. वळणं सुरू झाली की मी डोळे मिटायची. माथ्यावर तू इंजिन बंद केलंस की उघडायची, आणि उतरताना पुन्हा मिटायची. मला फक्त तुझी पाठ पाठ आहे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग येत का होतीस?"

"तू मला घरी ठेवून एकटा गेला असतास, म्हणून."

वरून गाड्यांचा एक ताफा घोंघावत उतरला आणि निघून गेला. गेबहार्डनं उजव्या हातानं आपला डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "आज रेशनच्या उतारावर," तो हळूच म्हणाला, "मीसुद्धा डोळे मिटले होते."

पुढचे कितीतरी दिवस तो पुन्हा खिडकीत बसला. रागावला नव्हता; तो जुन्या सहली मनात एकेक करून मागं जाऊन बघत होता. मग एकदा जेवताना त्यानं विचारलं, "तुला बघायचाय का तो? खरं सांग. नको असेल तर नको म्हण."

वाल्बुर्गानं पाव खाली ठेवला. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. "बघायचाय," ती म्हणाली. "पण प्रादकडून नाही. उंब्राइलकडून चढू, माथ्यावरून बघू आणि आल्या वाटेनं परत येऊ. कोरड्या दिवशी, सकाळी, गर्दी नसताना."

"तू म्हणशील तसं."

सप्टेंबरमध्ये ते गेले. दर वळणाआधी ती मोठ्यानं सांगायची, "डावं!" किंवा "उजवं!" आणि तो त्याप्रमाणे अंग सावरायचा. माथ्यावर पोचल्यावर ती कठड्यापाशी गेली. खाली रस्ता दरीत घड्या घालत उतरला होता, समोर ऑर्टलर शिखराचं बर्फ उन्हात होतं. ती उघड्या डोळ्यांनी बघत राहिली. सुंदर होतं आणि भयंकरही. आपण इथून किती वेळा आलो गेलो, या विचारानं तिनं कठडा घट्ट धरला.

"मी एकदाही विचारलं नाही," गेबहार्ड मागून म्हणाला.

"नाही विचारलंस."

तिनं त्याची समजूत घातली नाही. फक्त त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला, आणि ती दोघं बसायला जागा शोधू लागली.

पुढच्या वसंतात त्याला दुसरा झटका आला आणि मागं बसणंही संपलं. तो आणखी काही वर्षं जगला, खुर्चीत. वाल्बुर्गा रविवारी एकटी जायची. ती परतली की तो रस्ता विचारायचा, कोणता घाट, कसा, कुठे थांबलीस. ती वळणावळणानं सगळं सांगायची, आणि कुठे भीती वाटली तेही सांगायची. तिथं तो तिला थांबवून पुन्हा नीट सांगायला लावायचा.