शिंगाड्याखालची मरळ

आमच्या गावचा तलाव मी वाचवला, असं गावात गेली पन्नास वर्षं सांगतात. बडनेऱ्याहून अकोल्याच्या वाटेला लागलं की अडीच कोसांवर आमचं गाव आहे. तलाव आजही भरलेला आहे आणि त्यातली मरळ अमरावतीच्या बाजारात नावानं विकली जाते. तलाव वाचला हे खरं आहे, मी वाचवला हे खरं नाही. सत्तरी उलटून गेली, आता तरी झालं ते झालं तसं लिहितो.

अमेरिकेत कुठे तरी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, ती ही वर्षं. आमच्या कापसाला असा भाव आला की माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागली. लोकांनी ज्वारीची वावरं मोडून कपाशी पेरली. गोठ्यामागे पेरली, गुरांच्या वाटेवर पेरली. मग कुणाची तरी नजर तलावावर गेली. तलावाच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांचा काळा गाळ होता. पाळ फोडून पाणी सोडून दिलं की अख्ख्या वऱ्हाडात नसेल असं वावर तयार. पाटलांनी मनावर घेतलं आणि माझे वडील त्यांच्या बरोबरीनं उभे राहिले. त्या वावरात आमचाही वाटा ठरला होता.

अडचण एकच होती. तलावात मासेमारी आणि शिंगाडे भोयांकडे होते. तहसीलदार म्हणाले, "मासा असेल तर पाळ फोडता येणार नाही. नसेल तर बघू. आधी कुणी तरी पाहून सांगा."

पाहायला मला पाठवलं. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला लिहिता-वाचता येत होतं, एवढीच माझी लायकी. आमचं घर माळकरी, मासा कधी चुलीवर चढला नव्हता. मला मरळ आणि वाम यांतला फरकही ठाऊक नव्हता. गावातले भोई त्या सुमारास जाळी टांगून कापसाच्या गाड्या हाकायला गेले होते, त्यात जास्त मिळत होतं. मी आमच्या गड्यांना घेऊन गेलो. मोठा मासा खोल पाण्यात असणार असं धरून भर मध्यभागी तीन दिवस जाळी टाकली. वर आला तो चिखल आणि बोटभर चिंगळ्या.

मासे धरणाऱ्यांतली गावात मागे राहिली होती एकच भोयीण. पन्नाशीची, नवरा गेलेला. तलावावरच तिचं पोट होतं. तिनंही श्रावणापासून जाळं पाण्यात टाकलं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या दृष्टीनं याहून मोठा पुरावा नव्हता. जिचं पोट तलावावर, तीच जाळं टाकत नाही, म्हणजे मासा संपला. मी चावडीवर तसं सांगितलं. पाटलांनी माझी पाठ थोपटली. चार दिवसांनी तहसीलदार स्वतः येऊन हुकूम देणार होते.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या खळ्यावर आली. कडेला उभी राहून म्हणाली, "काहून रे बापू, तलाव रिकामा हाये म्हनून तूच सांगतलं न?"

"तीन दिवस जाळी टाकली, मावशी. काहीच नाही."

"तू पानी पाह्यलं. मासा कुठी पाह्यला?"

"मग तू काहून जाळं टाकत नाहीस?"

ती हसली. ते हसू मला लागलं. "श्रावनात पान्यावर लाल पिल्लायचा गोळा फिरते. खाली मायबाप राखन करतेत. त्या टायमाले जाळं टाकलं त पिल्लायले कोन पाहीन? आमी दोन महिने हात लावत नाही. अन् तुमी समजले मासाच नाही! शाहणे लोक बाप्पा तुमी, कागदं वाचता."

"मग आता चावडीवर तूच सांग ना."

"माह्यं कोन आयकते? तू नाही म्हनलं, आता तुलेच हाव म्हना लागन. चाल, दाखवतो."

मी गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. तिच्या हसण्याचा राग आला होता, बहुधा त्यामुळे.

भर दुपार होती, आश्विनातलं ऊन. तलावाच्या पश्चिमेच्या अंगाला शिंगाड्याचे वेल इतके दाट पसरले होते की पाणी दिसत नव्हतं. तिथे आमची जाळी गेलीच नव्हती. वेलात जाळं फाटतं, आणि पहिली तोडणी होईपर्यंत शिंगाड्यात पाय घालायचा नाही हा गावचा नेमही होता. दोन घागरी उपड्या बांधून केलेल्या तराफ्यावर ती बसली आणि मला वेलांच्या बाहेर, कडेला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं.

"बोलू नोको. खोकलू नोको. पाह्यत राह्य."

बराच वेळ काही नाही. मग पानांच्या फटीत टप् असा आवाज झाला, एक चपटं तपकिरी तोंड वर आलं आणि गेलं. पाण्यावर लहानसं वर्तुळ उठलं. थोड्या वेळानं पुन्हा, तिथेच. मग डावीकडे दुसरं. मग तिसरं.

"दम घेऊन राह्यली," ती कुजबुजली. "मरळीले आपल्यासारखी हवा लागते. पोरं राखून सुकली हाये, आता भूक लागली तिले. जिथी सावली अन् बेडूक, तिथी ते. मंधात काय करन?"

तिनं माझ्या हातात लांब बांबू दिला. त्याला आखूड दोरी होती, गळ आणि गळाला जिवंत बेडूक. पानावरून पाण्यात आणि पाण्यातून पानावर बेडूक नाचवायचा. मी नाचवला. पाणी फुटलं, बांबूला हिसका बसला आणि मी सगळा जोर लावून ओढला. गळ रिकामा वर आला.

"अरे घाई काहून करतं! तोंडातला घास हिसकतं काय? गिळू दे तिले, मंग ओढ!"

दुसऱ्या वेळी मी श्वास धरला. बेडूक गडप झाला. मनात पाच म्हणेपर्यंत थांबलो आणि ओढलं. माझ्या हाताएवढी लांब मरळ वेल तोडत वर आली आणि माझ्या छातीवर आदळली. मी ओरडलो. माळकऱ्याचा पोरगा मी, मासा कवटाळून पाण्यात नाचत होतो आणि ती तराफ्यावर पोट धरून हसत होती. "सोड आता तिले, लगीन लावतं काय?"

दिवस कलेपर्यंत अकरा झाल्या. त्यांतल्या आठ तिच्या. तेवढा आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही. मरळ थोड्या पाण्यात दिवसचे दिवस जगते, म्हणून तिनं त्या रांजणात ठेवून जगवल्या.

तहसीलदार आले. चावडीसमोर गाव जमलं होतं. पाटलांनी मला पुढे केलं आणि तहसीलदारांनी विचारलं, "मासा आहे की नाही?"

वडील माझ्याकडेच पाहत होते. मी म्हणालो, "मी चुकलो होतो. आहे." आणि भोयणीनं रांजण लोटला.

अकरा मरळी चावडीपुढच्या धुळीत सापासारख्या सरपटू लागल्या. बाया किंचाळल्या, कुत्री भुंकत मागे सरली, तहसीलदार धोतर सावरत ओट्यावर चढले. मग ते इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. "हा तुमचा रिकामा तलाव!" पाळ फुटणार नाही आणि तलाव भोयांकडेच राहील, असा हुकूम त्यांनी तिथेच लिहवला. गाड्या हाकायला गेलेल्या भोयांच्या घरच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. भोयीण दोन्ही हात कमरेवर ठेवून पाटलांकडे पाहत होती, आणि खाली पाटलांनीच पाहिलं.

मग तहसीलदारांनी विचारलं, "मासे शोधले कुणी?"

पाटलांना तोंड लपवायला जागा हवी होती. ते पटकन म्हणाले, "आमच्याच या पोरानं." ती पाच पावलांवर उभी होती. मला एक शब्द बोलायचा होता आणि मी बोललो नाही. तहसीलदारांनी सुटलेला फेटा माझ्या डोक्याला गुंडाळला.

त्यानंतर दरवर्षी शिंगाड्याच्या पहिल्या तोडणीची टोपली मानाची म्हणून माझ्या घरी येऊ लागली. ती जिवंत होती तोवर स्वतः आणून द्यायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, हा मान तुझा आहे." ती म्हणाली, "तलाव राह्यला न? मंग मले मानाचं काय करा लागते." टोपली ठेवून गेली. ती वारली तेव्हाही मी गप्प राहिलो, आणि टोपल्या घेत राहिलो.

या आश्विनात टोपली आली तेव्हा मी ती उचलून चावडीवर गेलो. काठी टेकून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, पाटलांचं, माझं, तिचं. टोपली तिच्या नातवापुढे ठेवली. तो आता तलावाचा कारभारी आहे, चाळिशीचा भक्कम माणूस.

तो हसायला लागला. "बाबा, आमच्या घरी हे लहान्या पोरालेबी ठावं हाये. आजी दरसाल सांगे. तुमी घाई करून पहिली मरळ कशी घालवली, तेबी करून दाखवे."

"मग तुम्ही गावात कधी बोलला का नाहीत?"

"कायले? तलाव आमच्यापाशी होता न."

त्यानं टोपली डोक्यावर घेतली आणि पाळीच्या वाटेनं घराकडे निघाला.