पाटातली फळी

त्या दिवशी मी पाटात फळी बसवली आणि वर आमच्या गुऱ्हाळाची चूल विझली.

नव्वदीतली गोष्ट. मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला होतो आणि वाहत्या पाण्याचं गणित नुकतंच डोक्यात शिरलं होतं. (शिरलं होतं, बसलं नव्हतं.) प्रवाहात आडवी फळी घालायची, तिच्यावरून पाणी किती उंचीनं सांडतं ते मोजायचं, की पाटातून किती पाणी जातं ते कळतं. आमच्या उचगावच्या रानात आजवर हे कुणालाच कळलं नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं!

नेमके त्याच सकाळी ताईला बघायला हातकणंगल्याहून पाहुणे आले. ताईला मुलगा आवडला होता, पण त्यांचा होकार यायचा होता. पोहे झाल्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांना गरम गूळ खिलवायला गुऱ्हाळात घेऊन गेले. रस उकळायच्या काहिलीपाशी चपला घालून जात नाहीत, म्हणून त्या दारात काढल्या.

मी खाली पट्टी धरून बसलो होतो. अडलेलं पाणी मागे मागे फुगत जातं, असं पुस्तकात होतं. तसंच झालं! मी हरखलो. किती लांबपर्यंत फुगतं, ते पुढच्या पानावर होतं. (ते पान मी सुट्टीनंतर वाचणार होतो.)

इतक्यात शेजारच्या सरीतून एक कोल्हापुरी चप्पल तरंगत आली. पाण्याचा वेग मोजायला पुस्तकात बुचाचा तुकडा सोडायला सांगितलाय, पण चप्पलही चालते. मी घड्याळ लावलं. मागून दुसरी आली. पडताळा घ्यायचीही सोय झाली!

मग आण्णा आले. अनवाणी.

"आरं, काय केलंस रं? पाणी बांधावरनं चुलीत शिरलं! जाळ इझला!"

"आण्णा, पाणी फुगलं! पुस्तकात हाय तसंच!"

"पुस्तकात पावणं हायत का?"

मी वर धावलो. काहिलीतला रस अर्धाच शिजून थांबलेला. गूळ करणारा गुळव्या कपाळाला हात लावून बसलेला. मुलाचे वडील धोतर गुडघ्यावर धरून चिखलात उभे. ताई माझ्याकडे बघत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"ह्यो पोरगा काय शिकतोय म्हणालासा?" त्यांनी विचारलं.

"पाणी," आण्णा खाली बघत म्हणाले.

"बरं झालं की! जाळ शिकला आसता तर आमी घरला गेलो नसतो!"

सगळे हसले, ताई सोडून. तिला अजून उत्तर हवं होतं.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "फकस्त लग्नात पाण्याची येवस्था ह्याच्याकडं देऊ नगासा."

गूळ काही झाला नाही. काहिलीतली काकवी कॅनमध्ये भरून पाहुण्यांनी नेली.

मागच्या पावसाळ्यात आण्णा गेले. ऊस आता कारखान्याला जातो, गुऱ्हाळ बंद आहे. मी पाटबंधारे खात्यात नोकरी करतो. आमच्या पाटाला मला हात लावू द्यायचा नाही, हा आण्णांचा हुकूम तेवढा शिल्लक आहे.