न ऐकता दिलेली शाबासकी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि स्टाफरूममध्ये वीस वर्षं माझ्या शेजारी डबा उघडणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच काहून? — सोमवारी हे एका मुलीला सांगायचं आहे, त्याआधी एकदा तोंडातून निघायला हवं.

मी नागपूरला विद्यापीठात एम.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते. कामठी, काटोल, हिंगण्याची पोरं. लिहितात झकास, पण बोलायला उभं केलं की चिडीचूप. म्हणून मी मोबाईलवरच्या अ‍ॅपची युक्ती काढली — दर आठवड्याला तीन मिनिटं इंग्रजीत बोला, रेकॉर्ड करा, मला पाठवा. एकट्यानं बोलायची कसली लाज? आणि खरंच, पोरं बोलायला लागली! मग काय, माझा भाव वधारला. कार्यशाळांची बोलावणी, शाल, श्रीफळ. जाईन तिथे सांगायची, "मी प्रत्येकाचा आवाज स्वतः ऐकते."

ऐकत होते — पहिले दोन महिने. मग साठ पोरं, प्रत्येकी तीन मिनिटं... कंटाळा आला. दुसरं कारण शोधू नका, नव्हतंच. शाबासकीची चार वाक्यं लिहून ठेवली आणि आळीपाळीनं चिकटवत गेले. चहा संपेपर्यंत सगळा वर्ग उरकायचा. कोणाला कळतंय?

प्रणाली कामठीची. वडील यंत्रमागावर कामाला. हळू बोलायची, पण एकही रेकॉर्डिंग चुकवायची नाही. दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली. विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आजकालच्या पोरी! साधं कळवतसुद्धा नाहीत." असं म्हटलं मी. वर तोऱ्यात.

पुढच्या वर्षी एका कार्यशाळेसाठी नमुने हवे होते, म्हणून जुनी रेकॉर्डिंग उघडली. तिचं शेवटचं लावलं. दोन वाक्यं इंग्रजीत, मग थांबली, आणि मग — "मॅडम, इंग्रजीत नाही जमत मले हे सांगणं. आई बिमार आहे, तं घरचे माझं कॉलेज बंद करून राहिले. मले शिकायचं आहे. तुम्ही एकदा बाबाले फोन करा नं. तुमचं ऐकतीन ते."

खाली माझं उत्तर होतं. 'छान प्रयत्न! आत्मविश्वास वाढतो आहे.'

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

त्याच दुपारी ऑटो धरून कामठी गाठली. वडिलांची समजूत घालायला किती वेळ लागला असेल? पंधरा मिनिटं! "तवाच बोलल्या असत्या मॅडम, तं थांबवलीच नसती पोरीले," म्हणाले. प्रणाली दारातच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मंग ते छान प्रयत्न कोणं लिहिलं होतं?"

आणि मी — मी म्हटलं, "ते मशीन आपोआप पाठवते, बेटा. तुझं रेकॉर्डिंग तेव्हा माझ्यापर्यंत आलंच नव्हतं, आज पोचलं."

तिनं उलट मलाच धीर दिला. "जाऊ द्या मॅडम. मशीनले काय समजते!"

ती परत आली. एम.ए. झाली, नेट पास झाली, आणि यंदापासून आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. कानाला इअरफोन लावून प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकते. नाव घेऊन, स्वतःच्या आवाजात उत्तर पाठवते. मी जे करते म्हणून मिरवत होते, ते ही पोरगी खरंच करते. तिचा वर्ग पाहून जीव सुखावतो हो, खोटं कशाला बोलू!

पण गेल्या आठवड्यात तिच्या तासाला मी दाराशी उभी होते. ती मुलांना सांगत होती, "काही अडचण असंल तं रेकॉर्डिंगमध्ये सांगू नका रे. मशीननं माझं एक वर्ष खाल्लं." मागच्या बाकावर काटोलची एक मुलगी आहे. वर्गात कधी तोंड उघडत नाही, जे काही बोलते ते त्या मोबाईलमध्येच. तिनं ऐकलं आणि मोबाईल दप्तरात टाकला.

त्या मुलीनं आता कुठे बोलायचं?

म्हणून सोमवारी जाणार आहे. वर्गासमोरच सांगणार — प्रणाली, मशीननं तुझा आवाज त्याच दिवशी, जसाच्या तसा माझ्यापर्यंत पोचवला होता. मी तो उघडला नाही. तुझं वर्ष मी खाल्लं.