कापू नका, बघायचंय!

मला निसर्ग बघायचा होता, म्हणून आमच्या गाईंना काही दिवस नुसत्या कडब्यावर काढावे लागले.

मी आखातातल्या एका वाळवंटी शहरात नोकरी करतो. तिथे खिडकीतून पिवळं दिसतं, गच्चीवरून पिवळं दिसतं आणि वारा सुटला की काहीच दिसत नाही. अशा ठिकाणी माणसाला हिरवं आठवायला लागलं की तो थापा मारायला लागतो. मीही एकदा जेवताना जामखेडकडच्या आमच्या गावाचं वर्णन करता करता त्यात दोन धबधबे घातले. (गावाला ओढा आहे. त्यात पोरं क्रिकेट खेळतात.) समोर बसला होता जोसेफ, आणि तो पडला केरळचा!

"भाई, इस छुट्टी में वीडियो कॉल पे दिखाओ," तो म्हणाला. "नहीं तो मेरे सामने हरियाली का नाम मत लेना!"

अख्ख्या ऑफिससमोर मी छाती ठोकून हो म्हणालो.

जुलै सरत आला असताना गावी उतरलो. पावसाचा पत्ता नव्हता. माळ, बांध, ढेकळं, सगळं वाळवंटाच्याच रंगाचं! हिरवी म्हणावी अशी एकच जागा होती: माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, बोअरच्या पाण्यावर गाईंसाठी केलेला घास, म्हणजे लसूणघासाचा चारा. पण घास रोज थोडे थोडे वाफे करून कापतात; शेवटचा वाफा कापेपर्यंत पहिला पुन्हा वाढतो. त्यामुळे तो तुकडा कायम न्हाव्याच्या खुर्चीतून मध्येच उठून आलेल्या माणसासारखा दिसतो.

व्हिडिओ कॉल शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी ठरला होता. मी वहिनीला गाठलं. "वहिनी, शुक्रवारपर्यंत विळा लावू नका. सगळा एकसारखा वाढू द्या."

"आन् गाया काय खात्याल, भावजी?"

"कडबा."

"दूध आटंल की!"

"निसर्गासाठी एवढं करा."

"निसर्ग?" वहिनीने आधी घासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवो, घास हाय त्यो!"

"अहो, पाऊस नाही म्हणून सरळ सांगा ना त्या जोसेफला," आमची ही म्हणाली.

"आता माघार नाही!"

शेवटी दादाच मध्ये पडला. "ऱ्हाऊ दे गं. लई दिवसांनी आलाय बाळू. बघू दे त्याला घास." (दवाखान्यातल्या माणसाला हवं ते खाऊ द्या म्हणतात ना, त्याच सुरात!)

शुक्रवार उजाडला. घास गुडघ्याला लागत होता, वर जांभळी फुलं! मी पांढरा शर्ट चढवला. हिने मोबाईल धरला.

"खाली धर, माळ दिसतोय!"

"आता तुमचं डोकं दिसत नाही."

"डोकं राहू दे, घास दाखव!"

फोनमध्ये सगळं ऑफिस दाटीवाटीने बसलं होतं. "देखो जोसेफ," मी हात पसरले, "ये है हमारा गाव!" आणि रुबाबात वाफ्यात पाऊल टाकलं. पाऊल गेलं ते गेलंच! दुसरं टाकलं, तेही गेलं.

"दादा! हा चिखल कुठला?"

"आरं, सकाळी लाईट आली हुती, भिजवून घेतलं!" दादा बांधावरून कौतुकाने ओरडला. "तुलाच हिरवागार पायजे हुता न्हवं?"

मी एक पाय उपसत होतो, तेवढ्यात गोठ्यात दावं तुटल्याचा आवाज आला. राणी! आमची सगळ्यात गरीब गाय! इतके दिवस कडबा चघळत ती खुंट्यावरून माझा निसर्ग बघत होती. ती सुसाट आली आणि सरळ वाफ्यात तोंड घातलं. मागून दुसरी आली. तिच्यामागे वासरू. त्यांच्यामागे वहिनी!

"हाणा तिला, भावजी! वला घास हाय, पोट फुगंल तिचं!"

"वहिनी, पाय निघत नाहीत!"

"मंग तितनंच हाका मारा!"

मी चिखलात रोवलेल्या बुजगावण्यासारखा हात हलवत "हैक! हैक!" करू लागलो. राणीने मला वळसा घालून खायला सुरुवात केली. घाबरून हिच्या हातातला मोबाईल वर झाला आणि पलीकडचा उघडाबोडका माळ पार डोंगरापर्यंत आखातात पोचला.

मग जोसेफचा आवाज आला, "भाई, ये तो अपने इधर का ही है!"

गाईंना काही झालं नाही. (दादाने वेळीच बाहेर काढल्या आणि वहिनीने गोडेतेल पाजलं.) तुडवलेला घास मात्र वहिनीने विळा हातात देऊन माझ्याकडूनच कापून घेतला.

सुट्टी संपवून परत गेलो, तर टेबलावर जोसेफने भेट ठेवली होती: गुंडाळी केलेलं प्लॅस्टिकचं हिरवंगार गवत! "ये कोई नहीं खाएगा," म्हणाला.

ते मी बाल्कनीत अंथरलंय. संध्याकाळी त्यावर अनवाणी बसतो, खरंच बरं वाटतं. फक्त वाळू फार बसते. आमच्या खानदानात सगळेच शेतकरी; पण पिकावरची धूळ रोज फडक्याने पुसणारा मीच पहिला!