शेपूट कोण धरणार

आवाराचं फाटक उघडण्याआधी मावशी रोज विचारायची, "येऊ का गं?" आतल्या म्हाताऱ्या कांगारूचा एक कान तिच्याकडं वळला, की मगच ती पाऊल आत टाकायची. नवऱ्याच्या जागी प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागल्यापासून हा शिरस्ता तिनं मोडला नव्हता. घरी मात्र सुनेच्या खोलीत बेधडक शिरायची. सून म्हणायची, "आम्हीही कान हलवायला शिकतो आता."

मग नवे साहेब आले. यापुढं इथं फक्त आपल्या खंडातले प्राणी राहतील, असं त्यांनी ठरवलं. बाहेरचे एकेक करून दुसरीकडं रवाना झाले. कांगारूला मात्र कुणी घेईना. दात झिजलेले, मागचा पाय अधू. शेवटी तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं.

"ती इथली नाही, मावशी," साहेब समजुतीनं म्हणाले. "इथली हरणं दाटीवाटीनं मरतायत. जागा तेवढीच आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. हरणांचे हाल मावशीही बघत होती.

"मग आवार हरणांना द्या. ही कोपऱ्यात राहील. आईच्या पिशवीतून हिनं पहिल्यांदा डोकं बाहेर काढलं ते त्या भिंतीपाशी, मी समोर उभी होते. आता म्हातारपणी हिला कुठलं गाव दाखवू?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"असू दे. मी हात लावणार नाही."

रागाचं बोलणं आहे, उतरेल, असं साहेबांना वाटलं. सकाळी डॉक्टर बॅग घेऊन आले. कांगारूला सुई टोचायची तर कुणीतरी शेपूट बुडाशी घट्ट धरावं लागतं, नाहीतर एका लाथेत माणूस आडवा. ते काम त्या त्या प्राण्याच्या राखणदाराचं. मावशी फाटकात बसली होती, दोन्ही हात काखेत.

साहेबांनी हत्तीवाल्याला बोलावलं. त्यानं एकदा मावशीकडं पाहिलं आणि त्याची कंबरच धरली. पक्षीवाला म्हणाला, "मला पाखरांचं कळतं, साहेब. शेपूट धरायचंच असेल तर मोराचं धरतो."

"नोकरी जाईल तुमची," साहेब मावशीला म्हणाले.

"जाऊ दे. तिकीट काढून येईन रोज. मग तर तुम्ही माझे साहेबही नसाल."

साहेबांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर बॅगेचा पट्टा घट्ट करत होते.

"कोपरा म्हणजे केवढा?" साहेबांनी विचारलं.

मावशी उठली आणि चपलेच्या टोकानं तिनं मातीत रेघ ओढली. साहेबांनी ती हातभर आत घ्यायला लावली, कुंपणवाल्याला बोलावतो म्हणाले आणि निघून गेले.

आता कुठं मावशीनं हात काखेतून काढले. पदराला पुसले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आलाच आहात तर जरा हिची नखं बघून जा."